भाव 'वाढला', 'सावरला' की 'कडाडला'? बदल सांगणाऱ्या इंग्रजी शब्दजोड्या समजून घ्या कांद्याच्या भावातून

मागच्या हंगामात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. 'कांद्याच्या भावात तब्बल ५० टक्क्यांची वाढ!' नाशिकरोडच्या काकूंनी लगेच रडणारा इमोजी टाकला आणि लिहिलं, 'आता पोह्यात कांदा घालायचा की नुसता दाखवायचा?' पाच मिनिटांनी निफाडच्या मामांचं उत्तर आलं, 'वाढ कसली डोंबलाची! होता तिथंसुद्धा आला नाही अजून.'

दोघांपैकी चुकलं कोण? खरं तर कुणीच नाही.

सोपा हिशोब करू. समजा कांदा क्विंटलला २००० रुपये होता. तो १००० वर आला, म्हणजे ५० टक्क्यांनी पडला. मग तो १५०० झाला, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढला. पडला ५० टक्के, वाढला ५० टक्के, तरी शेतकऱ्याच्या हातात आधीपेक्षा ५०० रुपये कमीच. काकू १००० वरून मोजत होत्या, मामा २००० वरून. मेसेजमध्ये 'कुठून' हा शब्दच नव्हता.

गंमत म्हणजे इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या शब्दजोड्या आहेत. नुसता वर गेला तर 'शार्प राइज'. पडून थोडा वर आला तर 'पार्शल रिकव्हरी'. आपल्याकडच्या बऱ्याच आर्थिक बातम्या इंग्रजीतून मराठीत येतात आणि त्या प्रवासात या जोड्यांमधला एखादा शब्द गळून पडतो. अर्थ तिथेच बदलतो. म्हणून आज या जोड्या नीट समजून घेऊ. उदाहरणं आपल्या नाशिकचीच आहेत.

थंडी 'कडाक्याची'च का असते?

आधी जोडी म्हणजे काय ते बघू. आपण म्हणतो कडाक्याची थंडी, मुसळधार पाऊस, रणरणतं ऊन. 'मुसळधार थंडी' किंवा 'कडाक्याचा पाऊस' कुणी म्हणत नाही. व्याकरणात काही चूक नाही, तरी कानाला खटकतं. काही शब्दांची एकमेकांशी सोबत ठरलेली असते.

भाषाशास्त्रात या सोबतीला 'कोलोकेशन' म्हणतात. ही कल्पना रुजवली ती जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं. शब्दाचा अर्थ समजायचा तर त्याच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते बघा, अशी त्यांची मांडणी होती. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

इंग्रजीतही असंच आहे. जोराच्या पावसाला ते 'हेवी रेन' म्हणतात, 'स्ट्राँग रेन' नाही. पण वाऱ्याला 'स्ट्राँग विंड' म्हणतात, 'हेवी विंड' नाही. आकड्यांच्या बदलाचंही तसंच. 'शार्प राइज' चालतं, 'स्टीप फॉल' चालतं, 'रॅपिड ग्रोथ' चालतं. 'फास्ट राइज' वाचणाऱ्याला मात्र लगेच कळतं, की लिहिणाऱ्यानं मनातलं वाक्य शब्दाला शब्द लावून बदललं आहे.

जास्त म्हणजे वर, कमी म्हणजे खाली

या सगळ्या जोड्यांच्या मुळाशी एक साधं चित्र आहे. जास्त म्हणजे वर आणि कमी म्हणजे खाली. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८० साली रूपकांवरच्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. भांड्यात पाणी ओतलं की पातळी वर चढते, धान्य टाकत गेलं की रास उंच होते. रोज दिसणारी ही गोष्ट भाषेत उतरली.

मराठीत तर हे जागोजागी आहे. भाव चढतो, उतरतो, पडतो, कोसळतो, गगनाला भिडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातलं तापमान बातम्यांत येतं, तेव्हा 'पारा घसरला' असंच छापलं जातं. मोजणारं यंत्र आता डिजिटल असलं तरी भाषेतला पारा काही गेलेला नाही.

इंग्रजीतल्या 'शार्प' आणि 'स्टीप' या शब्दांमागेही चित्रच आहे. 'स्टीप' म्हणजे उभा चढ किंवा उभा उतार. कसारा घाट डोळ्यांसमोर आणा. थोड्या अंतरात खूप उंची बदलते. आलेखाची रेघ अशी उभी दिसली की 'स्टीप'. लांबच लांब, जाणवणारसुद्धा नाही असा चढ असेल तर 'ग्रॅज्युअल'.

एका जोडीत किती माहिती असते?

बदल सांगणारी चांगली जोडी तीन प्रश्नांची उत्तरं देते. दिशा कोणती? बदल केवढा? आणि वेग किती? हे तीन वेगळे ठेवले की इंग्रजी जोड्या पाठ करायची गरज उरत नाही.

दिशा सांगणारे शब्द:

- फक्त वर जाणारे: राइज, इन्क्रीज, क्लाइंब, सर्ज, सोअर. यातले 'सर्ज' आणि 'सोअर' जोरदार आहेत. मराठीत 'उसळला', 'कडाडला'.
- फक्त खाली येणारे: फॉल, ड्रॉप, डिक्लाइन, प्लंज, प्लमेट. शेवटचे दोन जोरदार. मराठीत 'कोसळला', 'गडगडला'.
- पडून पुन्हा वर येणारे: रिकव्हर, रिबाउंड. मराठीत 'सावरला'.
- वरखाली होत राहणारे: फ्लक्च्युएट. मराठीत 'चढ-उतार'.
- वाढ थांबून सपाट होणारे: लेव्हल ऑफ, प्लॅटो. मराठीत 'स्थिरावला'.
- सगळ्यात वरचा टप्पा गाठणारे: पीक. मराठीत 'उच्चांक'.

बदल केवढा हे सांगणारे: स्लाइट आणि मार्जिनल म्हणजे किंचित, मॉडरेट म्हणजे मध्यम, सिग्निफिकंट म्हणजे दखल घ्यावी इतका.

वेग सांगणारे: ग्रॅज्युअल म्हणजे हळूहळू, रॅपिड म्हणजे झपाट्यानं, सडन म्हणजे अचानक.

आता लक्षात घ्या, 'मोठा' आणि 'वेगवान' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदल खूप मोठा असूनही अगदी सावकाश होऊ शकतो. वीस वर्षांत एखाद्या गावाची लोकसंख्या चौपट झाली तर ती मोठी वाढ आहे, पण 'अचानक' नाही. उलट, एका दिवसात भाव २० रुपयांनी हलला तर तो अचानक आहे, पण क्विंटलच्या भावात २० रुपये म्हणजे किंचितच. 'शार्प' या शब्दात मात्र दोन्ही येतं, मोठा आणि वेगवान. त्यामुळे २० रुपयांसाठी 'शार्प राइज' लिहिलं तर जोडी बरोबर, पण बातमी चूक.

जोरदार शब्दाला आणखी जोर लावायचा नसतो, हीसुद्धा एक खूण आहे. 'सोअर' मध्येच 'खूप' आलेलं आहे. मराठीतही 'भाव किंचित कडाडले' म्हटलं तर लोक हसतील.

दोन शब्दांपासून जरा सांभाळून राहा. पहिला 'ड्रॅस्टिक'. आपल्याकडे तो 'खूप' या अर्थानं सर्रास वापरला जातो, पण त्यात कठोर, टोकाचं असा भाव आहे. 'ड्रॅस्टिक कट' शोभतं, मुलाच्या मार्कांत झालेल्या चांगल्या सुधारणेला 'ड्रॅस्टिक इम्प्रूव्हमेंट' तितकं शोभत नाही. दुसरा 'एक्स्पोनेन्शियल'. कोविडच्या काळात तो घराघरांत पोचला. त्याचा अर्थ नुसता 'खूप वेगानं' असा नाही. ठरावीक काळानं आकडा पुन्हा पुन्हा त्याच पटीत वाढत जाणं, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. फॉलोअर्स रोज शंभरनं वाढत असतील तर छानच आहे, पण ती एक्स्पोनेन्शियल वाढ नाही.

'स्टेडी'चा सापळा

भाषांतरात सगळ्यात जास्त फसवणारा शब्द कोणता असेल तर 'स्टेडी'. 'प्राइसेस रिमेन्ड स्टेडी' म्हणजे भाव स्थिर राहिले, हलले नाहीत. पण 'स्टेडी राइज' म्हणजे भाव वाढतच गेला, फक्त एकाच चालीनं, न धक्का देता.

आपल्याकडे त्याचं सरळ 'स्थिर वाढ' होतं. वाचणाऱ्याला वाटतं, वाढ थांबली. प्रत्यक्षात ती चालूच असते. 'सातत्यानं वाढ' किंवा 'एकसारखी वाढ' म्हटलं तर घोळ होत नाही. एकच शब्द, शेजारी बदलला की अर्थ जवळजवळ उलटा.

'नी' आणि 'वर' : एका प्रत्ययाचा खेळ

इंग्रजीत 'राइज बाय २० पर्सेंट' आणि 'राइज टू २० पर्सेंट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठीतही अगदी हाच फरक आहे आणि तो फक्त शेवटच्या अक्षरात आहे. '२० टक्क्यांनी' आणि '२० टक्क्यांवर'.

नाशिकला पाणी पुरवणारं गंगापूर धरण घ्या. त्याची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात रोज बातमी येते, साठा इतका झाला. समजा साठा ३० टक्के होता आणि 'साठा २० टक्क्यांनी वाढला' असं वाचलं. आता तो किती झाला? बहुतेक जण म्हणतील ५० टक्के, आणि धरणाच्या बातमीत तोच अर्थ अपेक्षित असतो. म्हणजे ११२६ दशलक्ष घनफूट नवं पाणी आलं. पण काटेकोर गणित केलं तर ३० चे २० टक्के म्हणजे ६, म्हणून साठा ३६ टक्के झाला असाही अर्थ निघतो. आणि घाईत कुणी 'साठा २० टक्क्यांवर' असं टाइप केलं, तर भर पावसात धरण आटलं!

यावर इंग्रजीत उपाय आहे 'पर्सेंटेज पॉइंट'. ३० टक्क्यांवरून ५० टक्के, म्हणजे २० पर्सेंटेज पॉइंटची वाढ. बँकांच्या बातम्यांत याचा आणखी बारीक तुकडा येतो, 'बेसिस पॉइंट'. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक पर्सेंटेज पॉइंट. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही २५ बेसिस पॉइंटची, म्हणजे आपल्या भाषेत पाव टक्क्याची कपात. ६.५० च्या तुलनेत मोजली तर हीच कपात सुमारे ३.८५ टक्के भरते. दोन्ही आकडे खरे, पण दुसरा मथळ्यात टाकला तर कर्जदार नाचायला लागतील.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन्ही टोकं लिहायची. '३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर.' चार शब्द जास्त लागतात, पण शंका उरत नाही.

वेग कमी झाला म्हणजे आकडा कमी झाला का?

नाही. आणि सोशल मीडियावर सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात.

नाशिक शहराची लोकसंख्या जनगणनेनुसार १९९१ साली साधारण ६.५७ लाख होती. २००१ मध्ये ती १०.७७ लाख झाली, २०११ मध्ये १४.८६ लाख. पहिल्या दहा वर्षांत वाढले ४.२० लाख लोक, म्हणजे सुमारे ६४ टक्के. पुढच्या दहा वर्षांत वाढले ४.०९ लाख, म्हणजे सुमारे ३८ टक्के.

इथे इंग्रजीत जोडी येईल 'स्लोअर ग्रोथ'. वाढीचा दर ६४ वरून ३८ वर आला, पण नाशिककर कमी झाले का? मुळीच नाही. आणखी चार लाखांची भर पडली. दर घटला, कारण सुरुवातीचा आकडाच मोठा झाला होता. 'नाशिकची लोकसंख्यावाढ घटली' हे वाक्य घाईत वाचलं तर 'लोकसंख्या घटली' असंच डोक्यात बसतं.

महागाईचं गणित हेच आहे. इंग्रजी मथळा येतो 'इन्फ्लेशन ईझेस'. मराठीत तो होतो 'महागाई कमी झाली'. खाली कमेंट सुरू होतात, 'कुठं कमी झाली? आमच्या किराणा दुकानात या!' कमेंट करणारा चुकत नाही, कारण इन्फ्लेशन म्हणजे भाव वाढण्याचा वेग. समजा १०० रुपयांची वस्तू ७ टक्के महागाईनं १०७ रुपयांना झाली. पुढच्या वर्षी महागाई ४ टक्क्यांवर उतरली. तरी वस्तू १११ रुपये २८ पैशांना मिळणार. वेग मंदावला, भाव चढतच राहिला. गाडी ८० वरून ५० च्या वेगावर आली म्हणून ती मागे जात नाही, तसंच.

म्हणून 'महागाई कमी झाली' पेक्षा 'महागाईचा वेग मंदावला' हे जास्त खरं. भाव खरोखर खाली आले, तरच 'स्वस्ताई' म्हणावं.

वाढलं की वाढवलं?

शाळेत 'राइज' आणि 'रेज' यांत सगळ्यांचा गोंधळ व्हायचा. 'राइज' म्हणजे आपोआप वाढणं, 'रेज' म्हणजे कुणीतरी वाढवणं. मराठीत हा फरक एका 'व' चा आहे. वाढलं आणि वाढवलं.

इंग्रजीत 'प्राइस राइज' आणि 'प्राइस हाइक' या दोन जोड्या यामुळेच वेगळ्या आहेत. 'हाइक' म्हटलं की कुणीतरी निर्णय घेतला, असा अर्थ त्यात येतो. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांचा हा लाडका शब्द आहे. फी हाइक, फेअर हाइक, सॅलरी हाइक.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते पावसाच्या पाण्यासारखं आपोआप वाढलं नव्हतं, वाढवलं गेलं होतं. लिलावात कांद्याचा भाव आवक, मागणी, हवामान, सरकारी धोरण अशा अनेक गोष्टींनी हलतो, तिथे 'वाढला' बरोबर आहे. भाडं, शुल्क, कर यांच्या बाबतीत 'वाढवलं' म्हटलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो : कुणी आणि का? बातमीत तो प्रश्न महत्त्वाचा असतो.

पुन्हा कांद्याकडे

आता काकू आणि मामांच्या भांडणाकडे परत येऊ, कारण लासलगाव, विंचूर, पिंपळगाव या पट्ट्यात अशा शब्दांची किंमत रोज मोजली जाते.

बाजार समितीत कांद्याचे तीन भाव जाहीर होतात. किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव एखाद्या उत्तम प्रतीच्या ट्रॉलीलाही मिळालेला असू शकतो. मथळ्यात मात्र तोच चढतो, 'कांदा अमुक हजारांवर'. तो वाचून शेतकरी चाळीतला माल बाहेर काढतो, ट्रॅक्टरचं भाडं भरतो, आणि बाजारात सरासरीच्या आसपास भाव मिळतो. इकडे शहरात काकूंना वाटतं, शेतकरी मालामाल झाला. क्विंटलचा घाऊक भाव आणि मंडईतला किलोचा भाव यांच्यामध्ये वाहतूक, हमाली, नासाडी आणि दोन-तीन हात असतात, हे कोणताच मथळा सांगत नाही.

धोरणाच्या बातम्यांतही जोडी महत्त्वाची असते. केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. देशात कांदा पुरेसा राहावा आणि भाव आवाक्यात राहावेत, हे कारण दिलं गेलं. नाशिक जिल्ह्यात आंदोलनं झाली, लिलाव बंद पाडले गेले. ४ मे २०२४ रोजी मथळे आले, 'कांदा निर्यातबंदी उठली'.

इंग्रजीत यासाठी दोन जोड्या आहेत. 'लिफ्ट अ बॅन' म्हणजे बंदी पूर्ण उठवणं आणि 'ईझ रिस्ट्रिक्शन्स' म्हणजे निर्बंध सैल करणं. त्या दिवशी बंदी उठली हे खरंच होतं. पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होतं. म्हणजे दार उघडलं, पण साखळी लावूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही रद्द झालं. दार पूर्ण उघडलं ते तेव्हा. 'उठली' हा एकच शब्द वाचून ज्यानं मे २०२४ मध्येच हिशोब मांडला असेल, त्याचा हिशोब चुकला असणार.

परीक्षेतही हेच विचारतात

परदेशी शिकायला जाण्यासाठी आयईएलटीएस देणाऱ्यांना हा विषय ओळखीचा वाटला असेल. त्यातल्या अकॅडमिक परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नात बहुतेक वेळा आलेख, तक्ता किंवा नकाशा देतात आणि किमान १५० शब्दांत त्याचं वर्णन करायला सांगतात. त्यासाठी साधारण २० मिनिटं धरलेली असतात. गुण देताना शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक असतो, आणि तिथे या जोड्या पाहिल्या जातात.

त्यासाठी अनेक जण चाळीस-पन्नास जोड्यांची यादी पाठ करतात आणि प्रत्येक वाक्यात एक पेरतात. रेघ थोडीशी हलली तरी 'सोअर', थोडी खाली आली की 'प्लमेट'. कॉलेजात असताना मीही अशी यादी पाठ केली होती. पहिल्या नोकरीत एका बातमीला मी 'पेट्रोल कडाडलं' असा मथळा दिला. संपादकांनी विचारलं, 'किती पैशांनी?' मी आकडा सांगितला. त्यांनी काही न बोलता 'कडाडलं' खोडून 'महागलं' लिहिलं. त्यानंतर मी आधी आकडा बघते, मग शब्द शोधते.

हळूहळू, दिवसेंदिवस, बघता बघता

जाता जाता मराठीची एक खासियत. इंग्रजीत वेळेचा बदल सांगायला 'स्टेप बाय स्टेप', 'इयर ऑन इयर', 'मोर अँड मोर' अशा जोड्या आहेत. मराठी तेच काम शब्द दोनदा उच्चारून करते. हळूहळू, दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं, बघता बघता, वाढत वाढत. 'इयर ऑन इयर' मात्र फसवी आहे. आर्थिक बातमीत तिचा अर्थ 'वर्षानुवर्षं' असा नसतो. मागच्या वर्षी याच महिन्यात किंवा तिमाहीत जे होतं, त्याच्याशी केलेली तुलना, एवढाच तिचा अर्थ. कांद्यासारख्या हंगामी मालाला हीच तुलना जास्त न्याय देते, कारण भर आवकेचा एप्रिल आणि माल संपत आलेला ऑक्टोबर एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आणि मोजण्याची नाशिकची स्वतःची पद्धतही आहेच. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे सगळ्यांच्या नजरा लागतात. विसर्ग किती क्युसेक आहे हे नंतर, आधी प्रश्न येतो, 'पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' गुडघ्याला, कमरेला, छातीला की डोक्यावरून? १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर शहराच्या आठवणीत आहेत ते याच मापानं. 'पाण्याच्या पातळीत लक्षणीय वाढ' यातून घाबरायचं की नाही हे कळत नाही. 'पाणी कमरेवरून छातीपर्यंत आलं' यातून कुठून, कुठे आणि किती, तिन्ही कळतं. किती वेळात, एवढंच विचारायचं राहतं.

फॉरवर्ड करण्याआधी

पुढच्या वेळी 'मोठी वाढ', 'विक्रमी घसरण' असलं काही ग्रुपवर आलं, तर चार प्रश्न विचारा.

- कुठून कुठे? दोन्ही आकडे आहेत का?
- 'नी' आहे की 'वर'? टक्के आहेत तर कशाचे?
- आकडा बदलला की फक्त वाढीचा वेग?
- आपोआप वाढलं की कुणी वाढवलं?

उत्तरं मेसेजमध्ये नसतील तर तो मेसेज अर्धाच आहे. आमच्या ग्रुपवर आता काकूच विचारतात, 'किमान की कमाल? आणि आधी किती होता?' मामांनी त्यावर अंगठा दिला आहे.